एडवर्ड तिसऱ्यापर्यंत पोचणारी वंशावळ खरी की खोटी, हे तपासायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंचं माहेर साताऱ्याचं, सासर ब्रिस्टॉलचं. नवऱ्याचे एक पूर्वज १८२० च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात कॅप्टन होते. इंटरनेटवरच्या एका वंशवृक्षात या कॅप्टनपासून वर चढत गेलं की १६४८ सालच्या एका लग्नातून वाट वेंटवर्थ नावाच्या सरदार घराण्यात शिरते आणि तिथून थेट इंग्लंडचा चौदाव्या शतकातला राजा एडवर्ड तिसरा याच्यापर्यंत जाते. एकूण बावीस पिढ्या. हे खरं मानावं का, आणि तपासायचं तर सुरुवात कुठून करावी?

ताई, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. तुमच्या सासरचे लोक एडवर्ड तिसऱ्याचे वंशज आहेत का? बहुधा आहेत. इंग्लंडात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं जवळपास कुठलंही कुटुंब असेल. बावीस पिढ्या मागे गेलं की पूर्वजांच्या जागा होतात ४१ लाख ९४ हजार ३०४, आणि १३४८ च्या प्लेगआधी अख्ख्या इंग्लंडची लोकसंख्याच ४० ते ६० लाखांच्या घरात असावी असा अंदाज आहे. म्हणजे तीच ती माणसं पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या जागांवर येणार, आणि त्यांत राजाही येणार. २०१६ साली बीबीसीच्या एका कार्यक्रमात पूर्व लंडनचा नट डॅनी डायर याची वंशावळ एडवर्ड तिसऱ्यापर्यंत नेऊन दाखवली तेव्हा प्रेक्षक चकित झाले. आम्हा या धंद्यातल्या लोकांना नवल वाटलं ते वंशाचं नाही, प्रत्येक पायरीला कागद सापडला याचं.

दुसरा प्रश्न खरा कामाचा: तुमच्यासमोरची ही नेमकी साखळी सिद्ध होते का? इथे आकडेमोड उपयोगी नाही, दप्तरंच उघडावी लागतात.

इतकी वर्षं हे काम केल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. लोक चुकीच्या टोकाला घाबरतात. चौदाव्या शतकातला अमुक अर्ल कोणाचा मुलगा, याची त्यांना धास्ती वाटते, कारण कागद लॅटिनमध्ये आणि लिपी मोडीसारखी लपेटदार. पण त्या अर्लवर तीनशे वर्षं विद्वानांनी वाद घातलेले असतात आणि बहुतेक वेळा निकाल लागलेला असतो. घोळ होतो तो साधारण १५०० ते १७०० या पट्ट्यात. सरदाराच्या धाकट्या मुलाची नात गावच्या बऱ्या जमीनदाराला दिली, तिची मुलगी एखाद्या कापडवाल्याला दिली, आणि तिथून पुढे कुटुंब सामान्य झालं. या दोन-तीन लग्नांवर सगळी वंशावळ लटकलेली असते आणि नेमकी तीच कोणी तपासलेली नसतात. तुमच्या झाडात ती जागा १६४८ ची आहे.

म्हणून खालून सुरुवात करा. कॅप्टनसाहेबांचं काम सोपं आहे. कंपनीच्या सैन्यात कॅडेट म्हणून अर्ज करताना वयाचा दाखला द्यावा लागे आणि तो सहसा बाप्तिस्म्याच्या नोंदीचा उतारा असे. हे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं तिथेच एन/३ या मालिकेत मिळतात. पुण्यात किंवा खडकीत त्यांचं लग्न झालं असेल, मुलं झाली असतील, तर तेही तिथेच. दाखल्यावर इंग्लंडातल्या गावाचं नाव मिळालं की आपण समुद्र ओलांडला.

मग चर्चच्या नोंदवह्या. प्रत्येक गावच्या चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवावं, हा हुकूम १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने काढला. त्याआधी सामान्य माणसाच्या जन्माची नोंद होतच नव्हती. सुरुवातीच्या वह्या कागदाच्या होत्या. १५९८ च्या सुमारास त्या चर्मपत्रावर उतरवून घ्या, निदान एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीपासूनच्या तरी, असा आदेश निघाला. बऱ्याच गावच्या वह्या १५५८ पासूनच का सुरू होतात, त्याचं कारण हे. दर वर्षाची एक नक्कल बिशपकडे पाठवायची पद्धतही तेव्हाच लागली. मूळ वही वाळवीने खाल्ली असेल तर ही नक्कल कामी येते.

इथे तारखांचा एक सापळा आहे, त्यात नवखे हमखास अडकतात. १७५२ पर्यंत इंग्लंडात सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू होई. समजा वहीत लग्न जून १६४० मध्ये आहे आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १६४० मध्ये. मूल लग्नाआधीचं दिसतं. पण तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १६४१ चा, म्हणजे लग्नानंतर आठ महिन्यांनी. वंशवृक्ष बनवणाऱ्यांनी अशा ठिकाणी एक काल्पनिक पहिली बायको घुसडलेली मी पाहिली आहे, आणि मग त्या न झालेल्या बाईला माहेरही शोधून दिलेलं असतं.

तुमचं १६४८ चं लग्न तर सगळ्यात वाईट काळातलं. १६४२ ते १६६० ही यादवी आणि प्रजासत्ताकाची वर्षं. पाद्री पळाले, हाकलले गेले, वह्या घरी नेल्या गेल्या, पानंच्या पानं कोरी राहिली. १६५३ नंतर काही काळ लग्नं चर्चऐवजी न्यायदंडाधिकाऱ्यासमोर लावायचा कायदा होता. त्यामुळे लग्नाची नोंद मिळालीच तरी तीत वराचं नाव, वधूचं नाव आणि तारीख, एवढंच असण्याची शक्यता जास्त. वधूचा बाप कोण, हे त्या काळच्या नोंदीत सहसा नसतं. तेव्हा ‘अमक्या सरांची मुलगी’ हे तुमच्या झाडात कुठून आलं, हा पहिला प्रश्न विचारा.

बहुतेक वेळा ते हेरल्डांच्या वंशावळींतून आलेलं असतं. हेरल्ड म्हणजे कुलचिन्हांचा कारभार पाहणारे राजाचे अधिकारी. त्यांचं कॉलेज ऑफ आर्म्स १४८४ साली स्थापन झालं आणि १५३० ते १६८८ च्या दरम्यान ते परगण्यापरगण्यांत दौरे काढत. तालुक्याच्या गावी खाणावळीत मुक्काम ठोकायचा, आसपासच्या जमीनदारांना कुलचिन्ह आणि वंशावळ घेऊन बोलवायचं, ज्याला हक्क शाबीत करता येणार नाही त्याचं नाव ‘सद्‌गृहस्थ नव्हे’ म्हणून जाहीर करायचं. आलेला माणूस आपली वंशावळ सांगे, हेरल्ड लिहून घेई, खाली सही होई. माणूस स्वतःची मुलं, बहिणी, आईबाप, आजोबा याबद्दल सहसा खरं सांगतो. पणजोबांच्या पुढे मात्र अभिमान बोलायला लागतो. म्हणून या वंशावळीतल्या शेवटच्या तीन पिढ्यांना मी बऱ्यापैकी किंमत देतो, वरच्या पिढ्या फक्त शोधाची दिशा म्हणून वापरतो.

अजून एक गोम आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. सहीची मूळ प्रत कॉलेज ऑफ आर्म्समध्ये असते. १८६९ साली स्थापन झालेल्या हार्लियन सोसायटीने छापलेले या दौऱ्यांच्या वंशावळींचे खंड, जे आज इंटरनेटवर फुकट मिळतात, त्यांतले अनेक ब्रिटिश लायब्ररीतल्या नकलांवरून छापलेले आहेत. त्या नकलांत पुढच्या हातांनी भर घातलेली आहे, कुठे पुढच्या पिढ्या, कुठे आणखी मुली, कुठे अख्खी शाखा. ‘१६१२ च्या दौऱ्यात नोंद आहे’ असं कोणी म्हटलं की ती सहीच्या प्रतीत आहे की नंतर जोडलेली, हे विचारायचं. कॉलेज फी घेऊन मूळ प्रत तपासून देतं. स्वस्त नाही, पण सगळा डोलारा त्या एका मुलीवर असेल तर पैसे तिथेच घालावे.

आता वर जाऊ. वेंटवर्थांपासूनची साखळी नामांकित आहे, तरीही प्रत्येक कडीचा पुरावा कसा वेगळा असतो हे तिच्यावरून छान दिसतं. एडवर्डचा मुलगा लायनेल, ड्यूक ऑफ क्लॅरेन्स. त्याची मुलगी फिलिपा, ती एडमंड मॉर्टिमर, अर्ल ऑफ मार्च याला दिली. त्यांची मुलगी एलिझाबेथ, तिचा नवरा ‘हॉटस्पर’ म्हणून गाजलेला हेन्री पर्सी, जो १४०३ मध्ये श्रूजबरीच्या लढाईत पडला. त्यांची मुलगी एलिझाबेथ पर्सी लॉर्ड क्लिफर्डला दिली. त्यांची मेरी क्लिफर्ड सफोकमधल्या नेटलस्टेडच्या सर फिलिप वेंटवर्थला. फिलिपचा मुलगा हेन्री, हेन्रीची मुलगी मार्जरी, ती विल्टशरमधल्या वुल्फ हॉलच्या सर जॉन सीमोरला. मार्जरीची एक मुलगी जेन आठव्या हेन्रीची राणी झाली आणि दुसरी, एलिझाबेथ, ग्रेगरी क्रॉमवेलची बायको. हा ग्रेगरी म्हणजे चर्चच्या वह्यांचा हुकूम काढणाऱ्या थॉमसचा मुलगा. डॅनी डायरची वाट याच ग्रेगरीकडून येते.

फिलिपा लायनेलचं एकुलतं एक अपत्य. सगळी दौलत तिच्याकडे गेली, त्यामुळे ती कोणाची मुलगी यावर शंकेला जागाच नाही. असं का, ते कळायला ‘मृत्यूनंतरची चौकशी’ ही दप्तरं समजून घ्यायला हवीत. मध्ययुगीन इंग्लंडच्या वंशशोधात यांच्या तोडीचं साधन नाही.

राजाकडून थेट जमीन धरणारा माणूस वारला की राजाचा हुकूम सुटे आणि एस्चीटर नावाचा अंमलदार प्रत्येक परगण्यात पंच बसवून विचारी: मयताकडे जमीन कुठली होती, कोणत्या अटीवर, मेला कधी, वारस कोण आणि वारसाचं वय काय? वारस अज्ञान असला तर तो सज्ञान होईपर्यंत उत्पन्न राजाचं, आणि वारसाचं लग्न कोणाशी लावायचं हा हक्कही राजाचा. हा हक्क चक्क विकला जाई. म्हणजे वयाच्या आकड्यात पैसा होता, म्हणून तो लिहिला गेला. आपल्याकडे वतनाच्या तंट्यात गोत, म्हणजे पंचसभा, बसवून महजर, म्हणजे लेखी निवाडा, करत, त्याच जातीचा हा कागद. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे हे कागद लंडनजवळच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. एडवर्ड तिसऱ्याच्या काळातले सी १३५ या मालिकेत. त्यांचे इंग्रजी गोषवारे खंडशः छापले गेले असून बरेचसे इंटरनेटवर फुकट वाचता येतात, त्यामुळे लॅटिन येत नसलं तरी निम्मं काम होतं.

वाचताना दोन गोष्टी सांभाळा. तारीख ‘सेंट मार्टिनच्या सणानंतरचा बुधवार, एडवर्ड तिसऱ्याचं १० वं वर्ष’ अशी असते. त्याचं राज्यवर्ष २५ जानेवारीला सुरू होई आणि पहिलं वर्ष १३२७ चं, म्हणजे दहावं १३३६ चं. सेंट मार्टिनचा सण ११ नोव्हेंबरला, त्या वर्षी सोमवारी. तेव्हा ही तारीख १३ नोव्हेंबर १३३६. दुसरं, वय ‘३० आणि अधिक’ असं लिहिलेलं असलं की तो अंदाज समजा. एकाच वारसाचं वय दोन परगण्यांच्या पंचांनी चार-पाच वर्षांच्या फरकाने सांगितलेलं असतं. लहान वारसाच्या वयावर त्यातल्या त्यात भरवसा ठेवता येतो.

वारस सज्ञान झाला की वयाचा दाखला घेण्यासाठी वेगळी चौकशी होई. पुरुष २१ व्या वर्षी सज्ञान, बाई लग्न झालेली असेल तर १४, नसेल तर १६ व्या वर्षी. गावची चाळिशी-पन्नाशीतली माणसं जबानी देत. एकाला त्या दिवशी घोड्यावरून पडून पाय मोडल्याचं आठवतं, एकाच्या मुलाचा बाप्तिस्मा त्याच आठवड्यात झालेला असतो, एकाने चर्चच्या पोथीत पाद्र्याला तारीख लिहिताना पाहिलेलं असतं. मोहात पाडणारे कागद आहेत. मात्र त्याच त्या आठवणी निरनिराळ्या परगण्यांतल्या जबान्यांत शब्दशः सापडतात. कारकुनाकडे नमुना तयार असावा. पाय खरंच मोडला होता का ते सोडा, बाप्तिस्म्याचं गाव आणि तारीख मात्र उपयोगी पडते.

आता या साधनाची मर्यादा. चौकशीत फक्त वारसाचं नाव येतं. थोरला मुलगा जिवंत असेल तर धाकटे मुलगे आणि मुली कागदावर दिसतच नाहीत. मुलगा नसेल तर मात्र सगळ्या मुली समान वाटेकरी, आणि मग प्रत्येकीचं नाव, वय, नवरा, मेलेल्या बहिणीची मुलं, सगळं येतं. ज्या घराण्याचा पुरुषवंश बुडाला त्याची कागदपत्रं सर्वांत भरघोस, असा हा उफराटा न्याय.

मेरी क्लिफर्ड इथेच अडकते. तिचा बाप १४२२ मध्ये फ्रान्समध्ये मो शहराच्या वेढ्यात मारला गेला तेव्हा तिचा भाऊ थॉमस होता, तो वारस. बापाच्या चौकशीत मेरीचं नाव यायचं कारणच नाही. अशा मुलीसाठी लग्नाचे करारनामे, जमिनीच्या तडजोडींचे फाइन्स, मृत्युपत्रं, चर्चच्या काचांवरची कुलचिन्हं, कोर्टातले दावे असे आडवळणाचे पुरावे गोळा करावे लागतात. तिच्या नवऱ्याबद्दल मात्र एक चटकदार गोष्ट आहे. १४५५ च्या सेंट ऑल्बन्सच्या लढाईत राजाचं निशाण फिलिप वेंटवर्थकडे होतं आणि ते टाकून तो पळाला, असं त्याच वर्षीच्या एका पत्रात लिहिलेलं आहे. त्याच लढाईत त्याचा मेहुणा थॉमस क्लिफर्ड कामी आला. वंशशोधात याचा उपयोग शून्य, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आयांची अदलाबदल ही दुसरी नेहमीची चूक. राजवंश आईकडून येत असेल तर मूल पहिल्या बायकोचं की दुसरीचं यावर सगळं ठरतं. हॉटस्परची विधवा एलिझाबेथ मॉर्टिमर हिने पुढे लॉर्ड कॅमॉइसशी लग्न केलं. ससेक्समधल्या ट्रॉटनच्या चर्चमध्ये दोघांचा पितळी पत्रा आहे. उलट बाजूने कॅमॉइसलाही आधीच्या लग्नाची मुलं होती. त्यांच्या वंशजांना एलिझाबेथ ‘आई’ म्हणून चिकटवली की झाडात फुकटात राजा येतो.

हे काम सगळं तुम्हालाच करायचं आहे असं नाही. पदवीधारक उमरावांसाठी कोकेनच्या ‘कम्प्लीट पीअरेज’ या उमरावांच्या कोशाची दुसरी आवृत्ती (१९१० ते १९५९) आधी उघडा आणि १९९८ चा दुरुस्त्यांचा खंडही सोबत ठेवा. मजकुरापेक्षा तळटीपा वाचा, मूळ कागदांचे पत्ते तिथे असतात. मात्र तो ग्रंथ पदवी कोणाकडून कोणाकडे गेली एवढंच पाहतो, धाकट्या मुलींसाठी तो नाही. छापलेलं म्हणून खरं, हेही मनातून काढा. अल्थॉर्पच्या स्पेन्सरांचं, म्हणजे डायानाच्या माहेरचं, उदाहरण घ्या. वॉरिकशरमध्ये मेंढ्या पाळून श्रीमंत झालेलं हे घराणं. एलिझाबेथच्या काळात रिचर्ड ली नावाच्या हेरल्डने त्यांना मध्ययुगीन डिस्पेन्सर सरदारांशी जोडून दिलं. पुढे तीनशे वर्षं ते छापत राहिले, आणि १९०१ साली होरेस राउंड या खवट विद्वानाने ते उभं फाडलं. त्याच पुस्तकात त्याने फील्डिंग घराण्याचा हॅब्सबर्ग सम्राटांशी असलेला दावाही बनावट ठरवला. अमेरिकेत तर गुस्ताव्ह अँजू नावाचा माणूस विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिऱ्हाइकाला हवी तशी वंशावळ पैसे घेऊन रचून देई. त्याच्या खोट्या पिढ्या आजही इंटरनेटवरच्या झाडांत जिवंत आहेत, आणि शंभर झाडांत एकच गोष्ट दिसली म्हणजे शंभर पुरावे झाले असं होत नाही, नव्याण्णवांनी नक्कल मारलेली असते.

डीएनए चाचणीचं विचाराल म्हणून सांगतो. बाजारातली नेहमीची चाचणी पाच-सहा पिढ्यांपलीकडे फारसं खात्रीचं सांगत नाही. पुरुषवंशाची चाचणी लांब जाते, पण तुमची साखळी आठ-दहा वेळा मुलीकडून वळते, तेव्हा ती लागूच नाही. शिवाय २०१२ मध्ये लेस्टरच्या वाहनतळाखाली सापडलेल्या राजा तिसऱ्या रिचर्डच्या हाडांचं काय झालं ते आठवा. आईकडचा धागा त्याच्या बहिणीच्या वंशजांशी जुळला. बापाकडचा धागा ब्यूफर्टच्या पाचव्या ड्यूकच्या वंशजांशी जुळला नाही, कागदावर दोघंही एडवर्ड तिसऱ्याचेच असून. मधे कुठेतरी बाप कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरा होता. कुठे, ते कळायला मार्ग नाही. आम्ही सिद्ध करतो ती कागदाची वंशावळ.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा. कॅप्टनपासून १६४८ पर्यंत चर्चच्या नोंदी लावा. मग वेंटवर्थ वगैरे सगळं बाजूला ठेवून फक्त त्या नवरीचा बाप गाठा, आणि तो मृत्युपत्रात गाठा. मृत्युपत्रं तेव्हा चर्चच्या न्यायालयांत शाबीत होत; त्यांतल्या कँटरबरीच्या वरिष्ठ न्यायालयाची मृत्युपत्रं १३८४ पासूनची आहेत, क्यूच्या प्रॉब ११ या मालिकेत, आणि नावाने शोधता येतात. थोरल्या मुलाचं नाव नसेल तर गोंधळू नका, जमीन त्याला आधीच मिळालेली असते. लेकीला किती पौंड, जावयाला अंगठी, नातवंडांना चांदीचे चमचे, या ओळी पाहायच्या. जावयाचं पूर्ण नाव आणि त्याचं गाव दोन्ही तुमच्या नोंदीशी जुळलं तर कडी पक्की. नुसतं आडनाव जुळलं तर त्या जागी ‘बहुधा’ लिहा आणि चॅन्सरी कोर्टाचे दावे चाळा, कारण भावाबहिणींत वारशावरून भांडण झालं असेल तर दाव्याच्या पहिल्या परिच्छेदातच तीन पिढ्या लिहिलेल्या मिळतात.

एका बाबतीत तुमचं नशीब चांगलं असू शकतं. १६५३ ते १६६० या काळात बिशपांची न्यायालयं बंद होती आणि साऱ्या इंग्लंडची मृत्युपत्रं एकाच लंडनच्या कोर्टात शाबीत होत. नवरीचा बाप त्या सात वर्षांत वारला असेल तर मृत्युपत्र प्रॉब ११ मध्येच मिळायला हवं. आधी किंवा नंतर वारला असेल आणि तिथे सापडला नाही, तर त्याच्या परगण्याच्या अभिलेखागाराला बिशपच्या न्यायालयाची सूची पाहायला सांगा; गाव, आडनाव आणि वर्षांचा अंदाज दिला तर एवढं ते ईमेलवर सांगतात.